धिप्पाड हेवीवेटची उंची वजा केली तर काय उरतं?

रशियाचा निकोलाय वालुएव रिंगमध्ये उतरायचा तेव्हा बाकीच्यांसारखा दोऱ्यांमधून वाकून यायचा नाही. सगळ्यात वरच्या दोरीवरून सरळ पाय टाकायचा आणि आत. सात फूट उंची, वजन १४० किलोंच्या आगेमागे. त्याला पाहून लोकांचे दोन तट पडायचे. एक म्हणायचा, याला हरवणार कोण? दुसरा म्हणायचा, नुसता देह आहे, बॉक्सिंग कुठे येतंय याला! घंटा वाजायच्या आधीच दोघांचा निकाल तयार असायचा, आणि दोघांनीही पाहिलेला असायचा तो फक्त आकार.

हेवीवेटमध्ये ही फसगत फार होते, कारण या गटाला वरची मर्यादाच नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बहुतेक ठिकाणी २०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ९१ किलोंच्या वर सगळे एकाच टोपलीत. खालच्या गटांत दोघांच्या वजनात जेमतेम फरक असतो, त्यामुळे एकजण सरस दिसला तर ते बहुतेक वेळा कसबच असतं. इथे मात्र एक १४० किलोंचा आणि दुसरा ९८ किलोंचा असू शकतो. मग जिंकलं कोण, कसब की वजन?

यावर मी वापरतो तो उपाय साधा आहे. वहीत तीन रकाने आखायचे. पहिला, ‘नुसत्या आकाराने झालं’. दुसरा, ‘आकार वापरून केलं’. तिसरा, ‘आकार नसता तरी जमलं असतं’. लढत पाहताना प्रत्येक यशस्वी गोष्ट यातल्या एका रकान्यात टाकायची. दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पुष्कळ जण तो आखतच नाहीत, म्हणून त्यांना धिप्पाड बॉक्सर एकतर राक्षस वाटतो नाहीतर ठोंब्या.

आधी लढती नीट निवडा

नॉकआउटच्या तुकड्या-तुकड्यांच्या चित्रफिती बाजूला ठेवा. त्यात ठोसा दिसतो, ठोशाची तयारी दिसत नाही. पूर्ण लढती पाहा, आणि निदान तीन. एक, जिथे समोरचा बराच ठेंगणा आहे. दुसरी, जिथे समोरचा त्याच्याच तोडीचा उंच आहे. तिसरी, जी तो हरला किंवा हरता हरता वाचला. तिसरी सगळ्यात जास्त शिकवते. ती सापडतच नसेल, तर तीही माहितीच आहे: त्याला अजून कुणी अवघड प्रश्नच विचारलेला नाही.

समालोचनाचा आवाज बंद करा. ‘काय प्रचंड ताकद!’ असं कुणीतरी कानाशी ओरडत असताना डोळे स्वतःचं काम करत नाहीत.

मोजमापं वाचा, पण त्यांचा अर्थ लावून

उंचीपेक्षा रीच महत्त्वाचा, हे खरं. पण रीच दोन्ही हात फैलावून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजतात. त्यात छातीची रुंदीही आली. म्हणून ८५ इंच रीच म्हणजे एकेक हात ८५ इंचांच्या निम्मा असतो असं नाही. रुंद खांद्यांच्या बॉक्सरचा आकडा मोठा दिसतो आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मात्र तेवढा लांब जात नाही.

वजन एका लढतीचं पाहू नका, पाच-सहा लढतींचं पाहा. टायसन फ्युरी डिसेंबर २०१८मध्ये डिओन्टे वाइल्डरविरुद्ध ११६ किलोंच्या आसपास होता. फेब्रुवारी २०२०मधल्या दुसऱ्या लढतीत जवळपास १२४. आठ किलो वाढलेले पाहून पुष्कळांनी त्याला आळशी ठरवलं. प्रत्यक्षात तो या वेळी पुढे चालून दाबायचं ठरवून आला होता आणि सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्या माणसांनी हार मानली. आकडा तोच, अर्थ लढतीनंतर कळतो.

पाय

पहिल्यांदा पाहताना पडद्याचा वरचा अर्धा भाग कागदाने झाका. गंमत नाही, खरंच झाका. तीन फेऱ्या नुसते पाय पाहा.

उंच माणसाचा तोल ही त्याची सगळ्यात महागडी वस्तू आहे. गुरुत्वमध्य वर, पाय लांब, त्यामुळे चूक झाली की ती दुरुस्त करायला वेळ लागतो. म्हणून पाहायचं ते असं: ठोसा मारल्यावर मागचा पाय घसटत पुढे येतो का? दोन्ही पाय एका रेषेत येतात का? ठोसा हुकला तर एक जादा पाऊल टाकून तोल सावरावा लागतो का? हुकलेल्या ठोशानंतर जो तिथल्या तिथे, दुसरा ठोसा मारायच्या स्थितीत उभा असतो, त्याचं शिक्षण पक्कं झालेलं आहे. हे तिसऱ्या रकान्यात. हुकल्यावर जो पुढच्या पावलाने समोरच्यावर जाऊन कोसळतो आणि त्याला मिठी मारतो, त्याला त्याच्या वजनाने वाचवलं. पहिला रकाना.

दुसरी गोष्ट म्हणजे पाठलाग. समोरचा गोल फिरतोय आणि हा त्याच्या मागे-मागे चालतोय, की आडवं पाऊल टाकून त्याची वाट अडवतोय? बॉक्सिंगमध्ये याला रिंग कापणं म्हणतात. नोव्हेंबर २००९मध्ये न्यूरेंबर्गला डेव्हिड हे वालुएवविरुद्ध उतरला तेव्हा त्याचं वजन सुमारे ४५ किलोंनी कमी होतं. हेने बाराही फेऱ्या फिरत काढल्या, ठोसे मोजकेच मारले, खरं सांगायचं तर लढत कंटाळवाणी झाली. पण त्या कंटाळ्यात धडा आहे. वालुएव पुढे येत राहिला आणि डेव्हिड हे बाजूला सरकत राहिला. तो सरकणार कुठे, ती जागा वालुएवने क्वचितच आधी बंद केली. दोन परीक्षकांनी ११६-११२ असा हेचा विजय दिला, तिसऱ्याने बरोबरी.

एक इशारा: उंच माणूस असतो त्यापेक्षा संथ दिसतो. लांब हातपायांना मोठं वर्तुळ कापावं लागतं, त्यामुळे नजरेला ते रेंगाळल्यासारखे वाटतात. म्हणून ‘किती वेगाने हलला’ हे विचारू नका, ‘वेळेवर पोहोचला का’ हे विचारा.

जॅब, आणि त्यावरून बाकी बरंच काही

लांब हाताच्या बॉक्सरचा जॅब लागतो यात नवल नाही. दारात उभं राहून काठीने हाणल्यासारखं ते आहे. कसब कळतं ते जॅब कशाकशासाठी वापरला जातो त्यावरून.

काही जण जॅब नुसता अंतर चाचपडायला पुढे करतात, समोरच्याच्या तोंडाशी हात हलवत ठेवतात. त्यालाही उपयोग आहे, पण तेवढंच येत असेल तर चार फेऱ्यांत समोरच्याला ते समजतं. बघा, सलग दोन जॅब येतात का? एक डोक्याला, पुढचा छातीला असा बदल होतो का? मागे जाता-जाता जॅब मारता येतो का? शेवटचं सगळ्यात अवघड. आणि हात परत कुठून येतो तेही पाहा. मारून सरळ रेषेत हनुवटीशी परतला तर ठीक. खाली लोंबत परतला तर त्या हाताच्या वरून येणाऱ्या उजव्या ठोशाला त्याने निमंत्रण दिलंय, फक्त समोरच्याचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही म्हणून आजवर निभावलं.

याच कारणाने बरोबरीच्या उंचीची लढत पाहायला सांगितली. व्लादिमीर क्लिच्को सहा फूट सहा इंच. २००४पासून प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डच्या हाताखाली त्याने जॅबभोवती सगळं बॉक्सिंग रचलं आणि जवळजवळ दहा वर्षं राज्य केलं. मग नोव्हेंबर २०१५मध्ये ड्युसेलडॉर्फला समोर आला फ्युरी, सहा फूट नऊ इंच, हातही जास्त लांब. ठोसे मोजणाऱ्यांच्या नोंदीत क्लिच्कोचे बारा फेऱ्यांत मिळून फक्त ५२ ठोसे लागले. ज्या अंतरावर तो सुरक्षित आणि समोरचा असहाय असायचा, ते अंतरच त्या रात्री दुसऱ्याच्या मालकीचं होतं. यावरून क्लिच्कोला कसब नव्हतं असं म्हणणारे भेटतात. मला ते चूक वाटतं. ते अंतर इतकी वर्षं राखणं हेच कसब होतं, दुसऱ्या रकान्यातलं. त्याच्या तिसऱ्या रकान्यात किती आहे, हा मात्र त्या रात्रीने विचारलेला रास्त प्रश्न.

जॅबची दुसरी परीक्षा म्हणजे डावखुरा प्रतिस्पर्धी. समोरचा डावखुरा असला की दोघांचे पुढचे हात एकमेकांसमोर येतात, जॅबचा सरळ रस्ता अडतो. आणि त्याचा पुढचा पाय तुमच्या पुढच्या पायाच्या बाहेर पडला की त्याच्या डाव्या सरळ ठोशाला मधोमध वाट मोकळी होते. धिप्पाडांचा इतिहास या दृष्टीने चाळून पाहा. क्लिच्कोला मार्च २००३मध्ये दोन फेऱ्यांत आडवा करणारा कॉरी सँडर्स डावखुरा. वालुएवला २००७मध्ये पहिल्यांदा हरवणारा रुस्लान चगाएव, सहा फूट एक इंच, डावखुरा. फ्युरीला मे २०२४ आणि डिसेंबर २०२४ अशा दोन्ही वेळा हरवणारा ओलेक्सांद्र उसिक, त्याच्यापेक्षा सहा इंचांनी ठेंगणा, तोही डावखुराच.

बचाव: मागे झुकणं नेहमी चूक नसतं

शिकाऊ बॉक्सरला सांगतात, डोकं सरळ मागे नेऊ नकोस. सहा फुटी माणसासाठी सल्ला बरोबर आहे, कारण दुसरा ठोसा त्याला गाठतो. साडेसहा फुटी माणूस कमरेतून मागे झुकला की ठोसा हनुवटीच्या दोन बोटं अलीकडे संपतो. म्हणून हात खाली ठेवून मागे झुकणारा धिप्पाड बॉक्सर दिसला की लगेच नाक मुरडू नका. तीन गोष्टी तपासा. झुकताना पाय अंगाखालीच आहेत का, म्हणजे लगेच उलट मारता येईल का? पाठीशी दोरी असतानाही हीच सवय चालू राहते का? आणि समोरच्याने पहिला ठोसा खोटा दाखवून दुसरा खरा मारला तर?

व्हिताली क्लिच्को, व्लादिमीरचा थोरला भाऊ, दिसायला अगदी ओबडधोबड. हात कमरेशी, ठोसे भलत्याच कोनातून. जून २००३मध्ये लेनॉक्स लुईसविरुद्धची लढत डोळ्यावरच्या खोल जखमेमुळे सहा फेऱ्यांनंतर थांबवली आणि विजय लुईसला मिळाला. पण थांबली तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या कागदावर व्हिताली ५८-५६ असा पुढे होता. देखणेपणाला गुण द्यायचे असतील तर ते वेगळ्या रकान्यात द्या, या तिनांत नको.

जवळची लढाई आणि मिठी

इथे बहुतेक मोठ्या माणसांचं पितळ उघडं पडतं. लांब हात जवळून मारायला गैरसोयीचे. कोपर दुमडून, छोट्या कमानीत, खांदा वळवून मारावं लागतं आणि ते शिकवायला कुणाला सवड नसते, कारण लांबून मारून काम भागतंय. म्हणून धिप्पाड बॉक्सर जवळून छान लढताना दिसला तर दखल घ्या. रिडिक बो हे माझं आवडतं उदाहरण. सहा फूट पाच इंच उंची, लांब राहून लढायची पूर्ण मुभा, तरी नोव्हेंबर १९९२मध्ये इव्हँडर होलीफिल्डला हरवताना तो कपाळाला कपाळ भिडवून लढला आणि छोटे अपरकट, म्हणजे खालून वर जाणारे ठोसे, मारत राहिला. तिसऱ्या रकान्यात भरभरून लिहायची रात्र.

मिठीचं, म्हणजे क्लिंचचं, गणित वेगळं. मिठी मारून मानेवर वजन टाकलं की लहान बॉक्सरचे पाय आणि पाठ थकते. कुस्तीत वरून दाब देऊन समोरच्याचा दम काढतात, तसंच. ऑक्टोबर २०१३मध्ये मॉस्कोत व्लादिमीरने अलेक्झांडर पोवेत्किनला चार वेळा खाली पाडलं, तिन्ही कागदांवर ११९-१०४. पण ती लढत आठवते ती लोंबकळण्यासाठी. रेफ्रीने अकराव्या फेरीत ढकलल्याबद्दल त्याचा एक गुण कापला, आणि तोही फार उशिरा, असं माझं मत. त्याउलट हेन्री अकिनवान्डे, सहा फूट सात इंच, जुलै १९९७मध्ये लुईसविरुद्ध इतका बिलगून राहिला की पाचव्या फेरीत त्याला बादच केलं.

फरक असा ओळखा: मिठी कुणी, केव्हा मारली? स्वतःचा ठोसा लागल्यावर, समोरच्याचं उत्तर मारून टाकायला मारली तर ते डावपेच, दुसरा रकाना. समोरचा आत आला आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून मारली तर पहिला. आणि रेफ्री कडक असता तर काय झालं असतं, हेही एकदा मनात विचारा.

पोटावरचे ठोसे

उंच माणसाला खाली मारायचं तर गुडघे वाकवावे लागतात. कंटाळा करून जो नुसती कंबर वाकवतो त्याचं डोकं आयतं समोर येतं. आणि उलट बाजूने, लांब धड झाकायला दोन कोपरं कमी पडतात. डिसेंबर २०२३मध्ये आगित काबायेलने तोवर अजिंक्य असलेल्या धिप्पाड अर्सलानबेक मखमुदोव्हला चौथ्या फेरीत शरीरावर मारूनच संपवलं. तुमच्या बॉक्सरच्या पोटाला अजून कुणी हात लावला नसेल तर वहीत तसं लिहून ठेवा.

ताकदीबद्दल लिहायला फारसं काही नाही. १२० किलोंचा माणूस जोरात मारतो. पुढे?

दम

मोठं शरीर हलवायला जास्त प्राणवायू लागतो. त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांत थकण्यात लाज नाही. पाहायचं ते हे, की थकल्यावर बॉक्सिंगमधलं काय आधी गळून पडतं. ठोसे कमी झाले पण जॅब आणि पाय शाबूत राहिले, तर हा माणूस खर्च जपून करतो. तोंड उघडं, हात खाली, आणि एकेक मोठा ठोसा मारायची धडपड सुरू झाली, तर पहिल्या चार फेऱ्यांत दिसलेलं कसब उसनं होतं. नवव्या फेरीपासून पुढे एकदाही न गेलेल्या बॉक्सरबद्दल तुमचं मत पेन्सिलीने लिहा.

कारकिर्दीचा आकडा सोलून पाहा

‘३० लढती, ३० विजय, २८ नॉकआउट’ वाचून दडपून जाऊ नका. धिप्पाड माणूस तिकिटं खपवतो, म्हणून त्याला जपून, लहान आणि थकलेल्या प्रतिस्पर्ध्यांवर वाढवलं जातं. इटलीचा प्रिमो कार्नेरा हे याचं जुनं उदाहरण. त्याचा कारभार गुंडांच्या टोळ्यांच्या हातात होता आणि त्याच्या बऱ्याच लढती ठरवून झाल्याचा संशय आजही घेतला जातो. जून १९३३मध्ये तो विश्वविजेता झाला. मार्च १९३४मध्ये त्याने मूळच्या लाइट-हेवीवेट, म्हणजे खालच्या वजनगटातल्या, टॉमी लॉफ्रनला गुणांवर हरवलं तेव्हा दोघांच्या वजनात ८६ पौंडांचा फरक होता. पुढच्याच जूनमध्ये मॅक्स बेअरने त्याला पुन्हा पुन्हा जमिनीवर पाडून अकराव्या फेरीत किताब काढून घेतला. तरीही कार्नेराला काहीच येत नव्हतं हे खरं नाही. त्याचा जॅब बरा होता आणि एवढ्या देहाच्या मानाने पायही हलायचे. त्याला शिकायच्या आधीच विकायला काढलं.

म्हणून प्रतिस्पर्ध्यांची यादी घेऊन बसा. त्यांचं वय, वजन, आधीच्या दोन-तीन लढतींचे निकाल पाहा. मग सगळ्यात उपयोगी काम करा: सामाईक प्रतिस्पर्धी शोधा. वालुएवला हरवणारे दोघेच, चगाएव आणि डेव्हिड हे. व्लादिमीर क्लिच्को वालुएवपेक्षा सहा इंचांनी ठेंगणा. त्याने चगाएवला जून २००९मध्ये दुसऱ्या फेरीत पाडलं आणि नऊ फेऱ्यांनंतर चगाएवच्या कोपऱ्याने लढत सोडली. हेला त्याने जुलै २०११मध्ये हॅम्बर्गला गुणांवर स्पष्ट हरवलं. चगाएव ऐनवेळी बदली म्हणून आला होता हे मान्य, आणि ‘अ’ने ‘ब’ला हरवलं म्हणजे ‘क’लाही हरवेल असा हिशेब बॉक्सिंगमध्ये चालत नाही हेही मान्य. पण जास्त उंच माणूस ज्या दोघांपुढे अडला तिथे कमी उंच माणूस सहज पार झाला, तर मधला फरक इंचांचा नक्कीच नव्हता.

मार बसल्यावर

शेवटी संकटाच्या फेऱ्या पाहा. डोकं भणाणलेलं असताना माणूस विचार करून काही करत नाही, अंगात मुरलेलं तेवढंच बाहेर येतं. २०१८च्या लढतीत बाराव्या फेरीत वाइल्डरने फ्युरीला सपशेल आडवा केला. तो उठला हे सगळ्यांना आठवतं. उठल्यावर काय केलं ते पाहा: आधी बचाव, मिठी, मग पाय सावरले आणि फेरी संपण्याआधी तो स्वतः मारत होता. याच फ्युरीला ऑक्टोबर २०२३मध्ये फ्रान्सिस एन्गानू या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पहिल्यांदाच उतरलेल्या माणसाने खाली पाडलं होतं, आणि फ्युरीला विजय मिळाला तो विभागलेल्या निर्णयावर, म्हणजे तीन परीक्षकांचं एकमत न होता. दोन्ही रात्री एकाच वहीत लिहाव्या लागतात. कुठलीही एक गाळली तर बॉक्सर वेगळाच दिसतो.

आता वही उघडा

तीन लढतींनंतर रकाने मोजा. नोंदी पहिल्यातच साचल्या असतील, तर हा माणूस तोडीचा उंच किंवा चपळ डावखुरा भेटेपर्यंत जिंकेल. दुसरा भरला असेल, तर तो बरीच वर्षं टिकेल, लोक त्याला कंटाळवाणा म्हणतील आणि तो किताब घेऊन घरी जाईल. तिसऱ्यात दहा-बारा नोंदी जमल्या तर पुन्हा एकदा पाहा, कारण असे धिप्पाड क्वचित सापडतात.

माझ्या वहीत वालुएवच्या दुसऱ्या रकान्यात मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त निघालं, मुख्यतः त्याच्या जॅबमुळे. बो तिसऱ्यात. व्लादिमीर जवळपास सगळा दुसऱ्यात. व्हितालीचं अजून ठरत नाही. ते मागे झुकणं सहा फुटी माणसाने केलं असतं तर तो दुसऱ्याच फेरीत झोपला असता, म्हणून मी ते दुसऱ्या रकान्यात टाकलंय. पण ठोसा निघायच्या आधीच तो ओळखणारी ती नजर उंचीतून येत नाही, आणि प्रत्येक वेळी लुईसची लढत पाहिली की तिथली एखादी नोंद खोडून मी तिसऱ्यात नेतो.